तिचिनोत इंग्लिशवर कसं निभवायचं: स्वित्झर्लंडच्या इटालियन बाजूला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याकडे इंटरलाकेन, ल्युसर्न, टिटलिस, युंगफ्राऊ एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि तिकडे इंग्लिश बोललं की काम होतं हे टूरला जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो, युंगफ्राऊयोखवर तर आपलं जेवणसुद्धा मिळतं. पण आल्प्स ओलांडून दक्षिणेला उतरलं की तिचिनो लागतं, लुगानो, लोकार्नो, बेलिंझोना ही गावं, तळी, ताडाची झाडं, आणि इथली सरकारी भाषा एकच, इटालियन. झुरिकहून थेट ट्रेनने साधारण दोन तासात लुगानो येतं, मधे ५७ किलोमीटरचा गोटहार्डचा बोगदा (२०१६ पासून सुरू आहे), बोगद्यात शिरताना पाट्या जर्मन आणि बाहेर पडल्यावर सगळं इटालियन. झुरिक-बाझलकडे नोकरी करणारे आपले बरेच लोक आईबाबा आले की त्यांना इकडे आणतात, आणि आता भारतातून थेट येणारेही भेटायला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

आधीच सांगतो, इटालियन शिकायची गरज नाहीये. इंग्लिशवर तिचिनो आरामात होतं. फक्त इंग्लिश कुठे चालतं आणि कुठे नाही हे माहीत पाहिजे, आणि जिथे नाही चालत तिथे बोलायची वेळच येऊ नये अशी तयारी आधी करून ठेवली पाहिजे.

कोणाला इंग्लिश येतं, कोणाला नाही

हॉटेलचं रिसेप्शन, स्टेशनवरचं टूरिस्ट ऑफिस, ट्रेनमधले टीसी, रोपवेची तिकीटखिडकी, लुगानोतली दुकानं, औषधाचं दुकान, कॉलेजची पोरं: येतं, आणि बरं येतं. गावातल्या बसचे ड्रायव्हर, दरीतल्या छोट्या किराणा दुकानातल्या बाई, ग्रोत्तोचे मालक (ग्रोत्तो म्हणजे काय ते पुढे येतंय), पासष्टीच्या पुढची मंडळी: धरून चालू नका. इथल्या शाळांमधे फ्रेंच आणि जर्मन आधी येतं आणि इंग्लिश नंतर, त्यामुळे जुन्या पिढीला तुमच्यापेक्षा झुरिकच्या माणसाशी बोलणं सोपं जातं. शिवाय हॉटेलांत, दुकानांत काम करणारे बरेच जण रोज सकाळी इटलीतून, कोमो आणि वारेझेच्या बाजूने, बॉर्डर ओलांडून कामाला येतात, त्यांचं इंग्लिश ज्याचं त्याचं, काहींचं फाडफाड, काहींचं यस-नो.

अजून एक गंमत म्हणजे तिचिनोत सगळ्यात जास्त टूरिस्ट येतात ते स्वित्झर्लंडच्याच जर्मन भागातून. त्यामुळे तुम्ही इटालियन नाही हे कळलं की वेटर सवयीने जर्मनमधे सुरू होतो. गोंधळून जायचं नाही, हसून 'इंग्लेझे?' एवढंच विचारायचं, तो गिअर बदलतो किंवा आतून कोणाला तरी बोलावतो.

पायरी १: घरूनच करून जायचं

फोनमधे ट्रान्सलेट ॲपचं इटालियन ऑफलाइन डाउनलोड करून घ्या. व्हेरझास्का किंवा माज्जिया दरीत आत गेलं की नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही. मराठीतून इटालियन करण्यापेक्षा इंग्लिशमधून केलेलं जास्त बरं येतं, आणि वाक्य छोटं ठेवायचं. 'आम्ही चौघे आहोत त्यातले दोघे व्हेज आहेत आणि बाबांना डायबेटिस आहे तर' असं एका दमात टाकलं की पलीकडे काय निघेल देव जाणे. तीन वाक्यं करा.

सिमचं बघा. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमधे नाहीये, त्यामुळे 'युरोप' असं लिहिलेलं प्रत्येक सिम किंवा ई-सिम इथे चालतंच असं नाही, देशांच्या यादीत स्वित्झर्लंडचं नाव आहे का ते वाचूनच घ्या. नेट नसेल तर पुढचं अर्धं काही कामाचं नाही.

रेल्वेचं ॲप टाका, स्विस रेल्वेचं, इंग्लिशमधे आहे. जर्मन भागात त्याला एसबीबी म्हणतात, तिचिनोत पाट्यांवर एफएफएस दिसेल, कंपनी तीच. ट्रेन, बस, तळ्यातली बोट, बहुतेक सगळ्याचं वेळापत्रक त्यात मिळतं आणि तिकीटही, म्हणजे ड्रायव्हरशी बोलायचा प्रश्नच मिटला. मशीनवरही इंग्लिश निवडता येतं.

हॉटेल बुक करताना 'तिचिनो टिकेट' मिळतं का ते विचारा. हॉटेल, यूथ हॉस्टेल, कॅम्पिंग अशा ठिकाणी राहणाऱ्यांना पूर्ण तिचिनोत बस-ट्रेन फुकट, चेक-इनपासून निघायच्या दिवसापर्यंत, शिवाय रोपवे आणि बोटींवर सूट. म्हणजे पैसे वाचतातच, पण मला त्याचा खरा फायदा हा वाटतो की तिकीट, झोन, प्रकार या विषयावर कुणाशी एक शब्द बोलावा लागत नाही.

पायरी २: सुरुवात इटालियनमधे, बाकी इंग्लिशमधे

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. आपण दुकानात शिरतो आणि थेट 'एक्स्क्यूज मी, डू यू हॅव' सुरू करतो. इथे आधी नमस्कार, मग काम. दुकानात, लिफ्टमधे, डॉक्टरच्या वेटिंग रूममधे, डोंगरातल्या पायवाटेवर समोरून येणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा लोक नमस्कार करतात. दिवसा 'बुओनजोर्नो', संध्याकाळी 'बुओनासेरा', निघताना 'ग्रात्सिए, आरिवेदेर्ची'. 'चाओ' ओळखीच्यांत आणि पोरांत ठेवा, काउंटरपलीकडच्या काकूंना पहिल्याच भेटीत चाओ म्हणणं म्हणजे त्यांना 'काय गं' म्हटल्यासारखं होतं.

मग 'स्कूझी, पार्ला इंग्लेझे?' म्हणजे माफ करा, इंग्लिश येतं का. हे विचारल्याशिवाय इंग्लिश झाडायला लागायचं नाही. उत्तर बहुतेक वेळा 'अ लिटल' असं येतं आणि मग तीच व्यक्ती छान बोलते, न विचारता सुरू केलं की तीच व्यक्ती नो इंग्लिश म्हणून मोकळी होते.

बाकी 'पेर फावोरे' (प्लीज), 'पेरमेस्सो' (गर्दीतून वाट मागताना), आणि 'प्रेगो'. हे प्रेगो तुम्हाला दिवसभर ऐकू येईल, या बसा, घ्या, बोला, थँक्यूचं उत्तर, तुम्ही आधी जा, सगळ्याला तेच.

आणि तुमचं इंग्लिश जरा सोपं करा. आपण भारतात इंग्लिश समजून जे शब्द वापरतो त्यातले बरेच इथे कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत. 'व्हेज', 'नॉनव्हेज', 'पार्सल', 'कर्ड', 'कॅप्सिकम', 'ब्रिंजल' हे सोडून द्या. पार्सल पाहिजे तर 'दा पोर्तारे वीआ'. दह्याला योगर्ट, योगर्ट सगळ्यांना कळतं. वेळ सांगताना हाफ पास्ट सेव्हन नको, नाइन्टीन थर्टी म्हणा, इथे सगळी वेळापत्रकं २४ तासांचीच आहेत.

पायरी ३: पाट्या वाचायला शिका, अर्धा तास लागतो

यात मराठी माणसाला आयताच फायदा आहे. इटालियनमधे जसं लिहितात तसंच वाचतात, आणि त्यांचे त आणि द हे आपले त आणि द आहेत, इंग्लिशसारखे ट आणि ड नाहीत. सी या अक्षरापुढे ई किंवा आय आला तर उच्चार च, चहातला च, नाहीतर क. सीच्या पुढे एच आला तर मात्र क, म्हणून बंद दुकानावरची पाटी 'किऊझो' अशी वाचायची, चिउझो नाही. झेड म्हणजे चाकातला च, म्हणून स्टेशन म्हणजे 'स्तात्सिओने' (मधेच कुठे तो जहाजातला ज पण होतो, तेवढं चालायचंच). जी आणि एन एकत्र आले की न्य. एच एकटा असला तर गप्प.

जोडाक्षर नीट जोरात म्हणा. पास्ता ऑर्डर करताना 'पेन्ने'मधले दोन्ही न म्हणायचेच, एक न खाल्ला तर जो शब्द तयार होतो तो आईबाबांसमोर समजावून सांगता येणार नाही.

रोज दिसणाऱ्या पाट्या थोडक्यात. 'आपेर्तो' उघडं, 'किऊझो' बंद. दारावर 'तिरारे' लिहिलेलं असेल तर ओढा, 'स्पिंजेरे' असेल तर ढकला. 'ग्वास्तो' किंवा 'फुओरी सेरवीत्सिओ' म्हणजे मशीन बिघडलंय, नाणी घालू नका. नळावर सी लिहिलं असेल तर तो 'काल्दो', म्हणजे गरम, आपल्याला सी म्हटलं की कोल्ड वाटतं आणि हात भाजतो. एफ म्हणजे 'फ्रेद्दो', गार. टॉयलेटवर चित्र नसेल तर 'दोन्ने' बायकांचं आणि 'उओमिनी' पुरुषांचं हे सोपं आहे, पण जुन्या हॉटेलांत 'सिन्योरे' आणि 'सिन्योरी' असं लिहितात आणि तिथे लोकांची गडबड होते, शेवटचं इंग्लिश अक्षर ई (e) असेल तर बायका, आय (i) असेल तर पुरुष. रस्त्यातल्या कारंज्याचं पाणी प्यायला चांगलं असतं, फक्त 'नोन पोताबिले' लिहिलेलं असलं तर पिऊ नका.

पायरी ४: ट्रेन आणि बस

स्टेशनवर पिवळ्या कागदावर 'पार्तेन्त्से' म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, कुठे 'अर्रीवी' दिसलं तर येणाऱ्या. 'बिनारिओ' म्हणजे प्लॅटफॉर्म. बोर्डवर 'रितार्दो' दिसलं तर लेट, 'सोप्प्रेस्सो' दिसलं तर रद्द. लांबच्या गाडीत टीसीला इंग्लिश येतं, काही अडलं तर बिनधास्त विचारा. छोट्या स्टेशनांवर अनाउन्समेंट नुसती इटालियनमधे होते, तेव्हा कान देण्यापेक्षा ॲप बघा, प्लॅटफॉर्म बदललेला असेल तर तिथे दिसतो.

लोकार्नोहून दोमोदोस्सोलाला जाणारी चेंतोवाल्लीची गाडी लोक हौसेने करतात, सुंदरच आहे, पण ती अर्ध्यातून इटलीत जाते, पासपोर्ट जवळ ठेवा. मधल्या काही स्टेशनांवर 'फेरमाता आ रिकिएस्ता' लिहिलेलं असतं, म्हणजे बटण दाबलं तरच गाडी थांबते, उतरायचं असेल तरी आणि चढायचं असेल तरी. दरीतल्या पिवळ्या बसलाही उतरायच्या आधी बटण दाबायचं, कंडक्टर नसतो, 'पुढे कोण उतरतंय' असं कोणी ओरडत नाही.

वेळापत्रकात 'दोमेनिका ए फेस्तीवी' असा वेगळा रकाना असतो, रविवार आणि सुट्ट्या. तिचिनो कॅथलिक असल्याने इथे अशा सुट्ट्या असतात ज्या झुरिकला नसतात, १९ मार्च, २९ जून, १५ ऑगस्ट, ८ डिसेंबर वगैरे. त्या दिवशी दुकानं बंद आणि बस कमी. झुरिकचं कॅलेंडर बघून निघालेले लोक इथे फसतात.

लुगानो स्टेशन उंचावर आहे आणि गाव खाली तळ्याकाठी, मधे छोटी फ्युनिक्युलर (उतारावर दोरीने ओढली जाणारी रेल्वे) आहे, बॅगा असतील तर तीच घ्या.

पायरी ५: जेवण, आणि इथे जरा सावकाश वाचा

बाकी सगळीकडे भाषा चुकली तर थोडा वेळ जातो. जेवणात चुकली तर ताटात डुक्कर येतं. म्हणून शाकाहारी लोकांनी ही पायरी पाठच करावी.

'वेजेतारिआनो' (बाईंनी स्वतःसाठी म्हणताना 'वेजेतारिआना') हा शब्द सगळ्यांना कळतो, पण त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात 'मांसाचा तुकडा नको' इतकाच असू शकतो. रिझोत्तो हे तिचिनोचं आवडतं खाणं, नावात केशर किंवा मशरूम दिसतं आणि आपण निर्धास्त होतो, पण तो भात बऱ्याचदा मांसाच्या सूपमधे शिजवतात. त्या सूपला 'ब्रोदो' म्हणतात. मिनेस्त्रोने म्हणजे भाज्यांचं सूप, त्यातही ते असू शकतं किंवा बारीक 'पांचेत्ता' असतो, म्हणजे डुकराचं. मग नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबायचं नाही, हे वाक्य म्हणायचं किंवा फोनमधे लिहून दाखवायचं: 'नोन मांजो कार्ने, ने पेशे, ने ब्रोदो दि कार्ने.' मी मांस खात नाही, मासे नाही, मांसाचं सूपही नाही. अंडं नको असेल तर 'ने उओवा'. ताज्या पास्त्यात अंडं असतं, पाकिटातल्या सुक्या पास्त्यात बहुतेक वेळा नसतं, तेव्हा 'पास्ता सेक्का' विचारा. जैन मंडळींसाठी 'सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो', कांदा लसूण नको, सांगितलं तर साधा चीजचा पास्ता करून देतात, चेहरा जरा दुःखी करतात पण देतात. आणि जे फार कडक पाळतात त्यांनी हेही धरून चला की पार्मेझानसारख्या जुन्या पद्धतीच्या चीजमधे वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवायला घालतात ते) असतं, ते वेटरशी बोलून बदलणार नाही, चीजच नको म्हणा: 'सेन्त्सा फोरमाज्जो'.

जे खातात पण काही विशिष्ट खात नाहीत त्यांच्यासाठी, 'मान्झो' बीफ, 'वितेल्लो' वासराचं, 'मायाले' डुक्कर, 'पोल्लो' चिकन. 'प्रोशुत्तो', 'सलामे', 'लुगानिगा' ही सगळी साधारणपणे डुकराचीच. 'पेपेरोनी' पिझ्झा मात्र खुशाल घ्या, ती ढोबळी मिरची आहे, आपल्याकडच्या पिझ्झावाल्यांमुळे लोक घाबरून तोच सोडून देतात. आणि 'लात्ते' मागितली तर ग्लासभर दूध येईल, कॉफी नाही.

आता ग्रोत्तो. तिचिनोत येऊन ग्रोत्तोत नाही जेवलात तर काय केलं. पूर्वी डोंगराच्या कपारीत वाइन आणि चीज गार ठेवायची जागा असायची, तिथेच पुढे खाणावळी झाल्या, झाडाखाली दगडी टेबलं, साधं जेवण, बरेचसे वसंतापासून ऑक्टोबरपर्यंतच चालू. आणि इथेच इंग्लिश सगळ्यात कमी चालतं, मेनू कधी फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, इटालियनमधे, फार तर जर्मनमधे, आणि ते अक्षर ट्रान्सलेट ॲपच्या कॅमेऱ्यालाही लागत नाही. पण घाबरायचं कारण नाही, पदार्थ मोजकेच असतात. 'पोलेंता' म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं, ते शाकाहारी माणसाचा आधार आहे, 'पोलेंता ए फोरमाज्जो' (चीजबरोबर), 'पोलेंता ए फुंगी' (मशरूमबरोबर), फुंगीच्या रश्श्यात ब्रोदो आहे का तेवढं विचारा. प्यायला 'गाझोझा', आपल्या गोटी सोड्याची चुलत बहीण, लिंबाची घ्या. शेवटी 'तोर्ता दि पाने', शिळ्या पावाचा केक, छान लागतो, पण त्यात बहुतेक वेळा ग्राप्पा म्हणजे दारू घालतात, चालत नसेल तर आधी विचारा.

पाणी मागितलं तर बाटली येते आणि बिलात लागते, 'नातुराले' साधं, 'गास्साता' सोड्याचं. नळाचं पाहिजे तर 'आक्वा देल रुबिनेत्तो', काही ठिकाणी त्याचेही पैसे घेतात, हे स्वित्झर्लंड आहे.

वेळ पाळा. दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी साडेसहा-सातनंतर, मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं आणि दुपारी साडेतीनला पोहोचून तुम्ही कितीही छान इंग्लिश बोललात तरी थंड सँडविचपलीकडे काही मिळणार नाही. बिल मागायला 'इल कोंतो, पेर फावोरे', मागितल्याशिवाय ते आणून टेबलावर ठेवत नाहीत, त्यात उद्धटपणा नाही, तुम्हाला उठवायचं नाही म्हणून. सर्व्हिस बिलातच धरलेली असते, वरचे सुट्टे सोडले तरी पुरे.

पायरी ६: दुकानाचा काउंटर

मिग्रो किंवा कोओप या सुपरमार्केटमधे काही न बोलता सगळी खरेदी होते, पण काउंटरवरची बाई भराभर काहीतरी विचारते आणि आपण बघत राहतो. ती बहुतेक दोनच गोष्टी विचारते. एक, 'आ ला कूमुलूस?' म्हणजे मिग्रोचं पॉइंट्सचं कार्ड आहे का, कोओपमधे त्याच जागी 'सुपरकार्ड' ऐकू येईल. दोन, 'साक्केत्तो?' म्हणजे पिशवी पाहिजे का, तिचे पैसे पडतात. दोन्हीला 'नो, ग्रात्सिए' म्हटलं की झालं. किती पैसे ते स्क्रीनवर दिसतं, आकडे ऐकून समजायची गरज नाही. 'आत्सिओने' लिहिलेलं असेल तिथे भाव कमी केलेला असतो, ते शोधत फिरा. युरो बऱ्याच ठिकाणी घेतात पण सुट्टे फ्रँकमधे देतात आणि रेट त्यांचा, कार्डच बरं. रविवारी बहुतेक दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेवा.

पायरी ७: रुस्तिको किंवा कुणाचं घर घेतलं असेल तर

जुन्या दगडी घरांना रुस्तिको म्हणतात आणि ती भाड्याने मिळतात. मालक बहुधा आजोबा किंवा आजी, इटालियन आणि थोडं जर्मन. फोन करू नका, फोनवर दोघांचेही हाल होतात. मेसेज करा, ट्रान्सलेट करून, एका मेसेजमधे एकच प्रश्न: किल्ली कुठे, गाडी कुठे लावायची, कचरा कुठे. कचऱ्याचा प्रश्न विसरू नका, इथे ठरावीक विकतच्या पिशव्यांतूनच कचरा टाकता येतो, भलत्या पिशवीत टाकला तर दंड होतो. आणि आजोबांचं बोलणं ॲपलाही कळलं नाही तर ते इटालियन नसून तिचिनोची बोली असेल, लोंबार्डीकडची, ती भल्याभल्यांना कळत नाही.

पायरी ८: डोंगर, नदी

इथे मात्र पाटीवरचा शब्द न कळणं परवडत नाही. 'पेरीकोलो' म्हणजे धोका. 'व्येतातो' किंवा 'दिव्येतो' म्हणजे मनाई. 'फ्राना' म्हणजे दरड. 'सेंत्येरो किऊझो' म्हणजे पायवाट बंद, आणि बंद म्हणजे बंदच, इथल्या दऱ्यांमधे पावसाने रस्ते वाहून जातात, २०२४ च्या पावसात माज्जिया दरीत विस्लेत्तोचा पूलच पडला होता. लावेर्तेत्सोचा तो दोन कमानींचा जुना दगडी पूल आणि खालचं हिरवं पाणी इन्स्टावर बघून सगळे व्हेरझास्कात उड्या मारायला येतात, पाणी दिसायला शांत, पण आत ओढ असते आणि बर्फासारखं गार असतं, तिथे बुडून लोक गेलेत. धोक्याच्या पाट्या बऱ्याच ठिकाणी चार भाषांत आहेत, चित्रं पण आहेत, थांबून वाचा. धरणाच्या खालच्या नदीपात्रात अचानक पाणी सोडतात हेही त्यात लिहिलेलं असतं. कोरड्या दिवसांत उघड्यावर आग पेटवायला बंदी लागते, तेव्हा पोर्टेबल शेगडीवर चहा करायची हौस हॉटेलात विचारून मगच.

पायरी ९: दुखलं खुपलं तर

हिरवा क्रॉस म्हणजे 'फार्माचीआ'. तिथे बहुतेक इंग्लिश येतं, आणि औषधांची मूळ नावं जवळपास सारखीच असतात, पॅरासिटामॉल म्हणजे 'पाराचेतामोलो'. भारतातल्या ब्रँडचं नाव सांगून उपयोग नाही, गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षरातलं नाव दाखवा. आईबाबा बरोबर असतील तर त्यांची औषधं आणि आजार इंग्लिशमधे एका कागदावर लिहून त्यांच्याच पाकिटात ठेवा, तुमच्या फोनमधे नको. हॉस्पिटलची इमर्जन्सी म्हणजे 'प्रोंतो सोक्कोर्सो', ही पाटी ओळखता आली पाहिजे.

ॲम्ब्युलन्स १४४, पोलीस ११७, आग ११८. यातलं काहीच आठवलं नाही तर ११२. फोनवर आधी गावाचं नाव सांगा, मग 'इंग्लिश प्लीज'.

आणि कोमोला किंवा मिलानला जाऊन येणार असाल तर

लुगानोहून कोमो जवळ आहे, तिलो नावाच्या लोकल ट्रेन जातात, आणि बरेच जण एक दिवस तिकडे काढतात. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण कियास्सोला, म्हणजे बॉर्डरवरच्या स्टेशनला, कधी कधी चेकिंग होतं, पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका. इटलीत ११८ लावला तर वैद्यकीय मदत येते, आग विझवणारे नाही, म्हणून तिकडे सरळ ११२ च लक्षात ठेवा. तिचिनो टिकेट बॉर्डरपर्यंतच आहे, पुढचं तिकीट वेगळं काढायचं. इटलीतल्या लोकल ट्रेनचं कागदी तिकीट प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमधे घालून शिक्का मारून घ्यावा लागतो, नाही मारला तर तिकीट असूनही दंड, आणि टीसीला 'मला माहीत नव्हतं' हे इंग्लिशमधे सांगून काही होत नाही. रेस्टॉरंटच्या बिलात 'कोपेर्तो' दिसेल, तो बसण्याचा माणशी आकार आहे, भांडू नका, मेनूवर लिहिलेला असतो. बॉर्डरच्या आसपास फोन या देशाचा का त्या देशाचा टॉवर पकडेल याचा भरवसा नाही, ज्यांचं सिम एकाच देशाचं आहे त्यांनी तिथे डेटा बंद ठेवा. आणि परतीची शेवटची तिलो किती वाजता आहे ते जातानाच बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा.